पद्मक्का आणि खऱ्या सावलीचा डाव

पद्मक्का,

डाव चालू असेल तर उठू नकोस. कानावरचा हेडफोनही काढू नकोस. हा कागद कीबोर्डाशेजारी ठेव आणि जयतीर्थ बाद झाला की वाच. फार थांबावं लागणार नाही.

मंडळाच्या अंकात 'आपल्यातली माणसं' हे सदर आहे, त्यासाठी लेख द्या म्हणून संपादक माझ्या मागे लागले होते. त्यांना कुणीतरी निवृत्त शास्त्रज्ञ हवा होता, शाल-श्रीफळवाला. मी म्हटलं, "माझ्या शेजारी एक बाई आहेत, त्या रोज दुपारी कॉफी झाली की संगणकावर लपाछपी खेळतात. त्यांच्यावर लिहिते."

ते म्हणाले, "नातवंडांबरोबर का?"

"नातवंडं नाहीत. नातवंडांच्या वयाच्या पोरांना हरवतात."

तुला विचारायला आले असते तर "बिडु प्रेमा, सोडून दे, कशाला गे नसती थेरं" म्हणून तू कॉफीचा लोटा पुढे केला असतास आणि विषय तिथंच मिटला असता. म्हणून विचारलं नाही. चिडायचं असेल तर चिड. पण त्या आठवड्यात तुझ्या खोलीत जे झालं ते मी पोटात ठेवून बसले तर मला अपचन होईल. सगळा जन्म मी कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवलं, फळ्यावर किरण काढून काढून खांदा दुखवून घेतला, आणि सावली म्हणजे काय हे मला एकाहत्तर वर्षांच्या टेलिफोन ऑपरेटर बाईच्या मागे स्टुलावर बसून कळलं. हे सांगायचं नाही तर काय सांगायचं?

तू खेळ. मी आता वाचकांशी बोलते.

तर पद्मावती. सगळ्या गल्लीची पद्मक्का. बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घराण्यातली. जुन्या म्हणजे खरंच जुन्या. आमच्यासारखी सरकारी कारखान्यातल्या नोकरीमागे पुण्याहून ट्रंका घेऊन आलेली नव्हे. यांचे पूर्वज शहाजीराजांच्या मागून आले आणि इथलेच झाले. तिचं मराठी मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आवरेना. "सरी, मग स्वल्प साखर घालू की?" असं विचारायची, सरी म्हणजे बरं. तिनं माझं मराठी ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू रेडिओवर बातम्या देत होतीस काय गे?" फिट्टंफाट झाली आणि मैत्रीही.

तिनं टेलिफोन खात्यात ट्रंककॉल जोडण्यात आयुष्य काढलं. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, कारण मला कुणी तसं विचारलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं. भाची मनस्विनी शिकायला तिच्याकडे राहिली, तीच तिचं घरदार. पद्मक्काचा आवाज अजून तसाच: एका पट्टीतला, घाई नाही, राग नाही. पलीकडे कोण किंचाळतंय याचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. मला या गोष्टीचा फार हेवा वाटतो.

आणि तिची नजर. दसऱ्याला तिच्याकडे बाहुल्या मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर, या गावच्या पद्धतीप्रमाणे. वरच्या पायरीवर राजाराणी, त्याखाली देव, खाली वाणी, भाजीवाल्या, लग्नाची वरात. गल्लीतल्या पोरांचा एक जुना खेळ आहे: पद्मक्का आत गेली की एक बाहुली बोटभर सरकवायची. ती कॉफी घेऊन बाहेर येते, कप वाटता वाटता म्हणते, "तिसऱ्या पायरीवरल्या ढोलकीवाल्याला कुणी हात लावला?" पोरं गार.

मनस्विनी नोकरी लागून मारतहळ्ळीला राहायला गेली तेव्हा तिचा जुना संगणक इथंच राहिला. त्याच सुमारास पद्मक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पलंगावर पडून ती मला, कामवालीला आणि भिंतीवरच्या पालीला सूचना द्यायला लागली. शेवटी मनस्विनीनं तिच्या हातात माऊस दिला आणि एक खेळ लावून दिला. त्याचं नाव 'अडगळ'. इथल्याच काही पोरांनी बनवलेला आहे. पडद्यावर एक घर असतं, सामानानं भरलेलं. एका बाजूचे तिघे त्या घरात वस्तू होऊन लपतात. कुणी तांब्या होतो, कुणी पाट, कुणी दौत. दुसऱ्या बाजूचा एक जण शोधतो. संशय आला त्या वस्तूवर टिचकी मारायची. चुकीच्या वस्तूवर मारली तर वेळ कापला जातो. मग बाजू बदलतात.

सांगायला नकोच. तिसऱ्या दिवशी ती पलंगावरून ओरडून मला बोलावत होती, "प्रेमा, ये की! परात पळाली बघ!"

तिची टोळी तिघांची. ती शोधणारी. दुसरी मनस्विनी, मारतहळ्ळीच्या फ्लॅटमधून. तिसरा बनशंकरीचा जयतीर्थ, लग्नमुंजी लावणारा आचार्य, तिच्या नात्यातला. दोन मुहूर्तांच्या मधे मंगल कार्यालयाच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसतो, शेंडीवर हेडफोन. एकादशीला टोळीचा खेळ बंद. दुसऱ्या गावांतल्या खेळाडूंना वाटतं, त्या दिवशी खेळाचं काही दुरुस्तीचं काम असतं.

पद्मक्का पकडायची म्हणजे कशी? घरात शिरायची, एक फेरी मारायची आणि म्हणायची, "ती कळशी मला हलकी वाटते." टिचकी. आतून पोर बाहेर. "हलकी म्हणजे काय गं?" मी विचारायची. "हलकी म्हणजे हलकी. बसल्यासारखी बसलेली नाही." सगळे म्हणायचे, बाहुल्यांची नजर! मीही म्हणायचे. या वर्षी टोळी एका लहानशा स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. समोर हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची तीन पोरं.

इथं मनस्विनीचं कार्ड येतं.

ही मुलगी ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकातला पडद्यावरचं चित्र काढणारा भाग, बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, आणि तिचं कामच मुळी प्रकाशाचं. अंतिम फेरीच्या आधी शुक्रवारी सकाळी ती एक नवं कार्ड घेऊन आली, छोट्या पाटाएवढं. जुनं तापत होतं आणि असं घरघरायचं की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं होतं, रोज इतकी चटणी कोण खातं तुमच्याकडे.

मी तिथं होतेच. मी विचारलं, "यात नवीन काय?"

"काकू, नवे शेडर. शेडर म्हणजे छोटासा प्रोग्राम. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कुठल्या रंगाचा दिसेल ते तो ठरवतो."

"मग इतके दिवस कोण ठरवत होतं? ग्रामपंचायत?"

"इतके दिवसही शेडरच. पण जुन्या कार्डाला किरणांचा माग काढायला जमत नाही. हे कार्ड खिडकीतून आलेला प्रत्येक किरण कुठं आपटला, तिथून कुठं उसळला, ते खेळता खेळताच मोजतं."

"प्रत्येक?"

"बरं, पुष्कळसे."

"मग पुष्कळसे म्हण. माझ्यासमोर प्रत्येक म्हणू नकोस."

ती हसली, पण तिचा चेहरा थकलेला होता. म्हणाली, ऑफिसात दोन वर्षं हेच भांडण चालू आहे. वरचे लोक विचारतात, रोज खेळणाऱ्या साध्या माणसाला हे जाणवतं का? की जाहिरातीच्या चित्रापुरतंच? "तुम्हांला काय वाटतं, काकू?"

मला विचारायचं नाही, विचारलंत तर उत्तर मिळतं. "नाही जाणवत," मी म्हटलं. "तांब्याचा काठ जरा जास्त चकाकला म्हणून डावात कुणाचं काय अडणार आहे? विकायच्या युक्त्या सगळ्या."

"अय्यो, तिला रडवू नको," पद्मक्का म्हणाली. "लाव गे तू. आवाज तरी कमी येईल."

कार्ड लागलं. खेळ सुरू झाला आणि मी कबूल करते, मी स्टूल पडद्याजवळ ओढलं. तेच घर, पण कौलातून पडलेला कवडसा जमिनीवर होता, जमिनीवरून त्याची लाली भिंतीवर चढली होती, आणि पितळी घंगाळात खिडकी वाकडी होऊन दिसत होती. आपल्याच आजोळी शिरल्यासारखं वाटलं. मनस्विनी तेवढ्यावर खूश होऊन ऑफिसला गेली.

दुपारी सराव होता. पद्मक्कानं एकालाही पकडलं नाही.

पहिल्या डावात हसण्यावारी नेलं. जयतीर्थ म्हणाला, "अक्का, आज ग्रहण आहे का? पंचांगात तर नाही." दुसऱ्या डावात तिनं खऱ्या पाटावर टिचकी मारली, मग खऱ्या रोवळीवर, मग खऱ्या समईवर. तिसऱ्या डावात टिचकीच नाही. ती घरभर फिरत राहिली, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, आणि वेळ संपला. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"घर फार सुंदर दिसत होतं गे," ती म्हणाली. "एवढं, की सगळंच खरं वाटत होतं."

"एक दिवस जातो वाईट. माझाही जातो."

"तुला माहिती नाही," ती म्हणाली. आणि मग तिनं मला तिच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं. मला एवढंच ठाऊक होतं की ती शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हती. सुरुवात कशी झाली ते ठाऊक नव्हतं. एका दसऱ्याला त्या बहिणीनं राजाराणी खालच्या पायरीवर, वाण्याच्या दुकानात मांडले. सगळ्यांना गंमत वाटली. विचारलं तर म्हणाली, इथंच असतात की दरवर्षी. नजरही तिचीच मूळची. पद्मक्काला तिनंच शिकवलेली. दोन दसऱ्यांनंतर तिनं पद्मक्काला विचारलं, तुम्ही कुणाकडच्या?

"तिचंही असंच झालं," पद्मक्का म्हणाली. "आधी वस्तू गेल्या. मग माणसं."

मी उठले. "बाहुल्यांची पेटी काढ. मी एक हलवते, तू ओळख. आत्ता निकाल लागतो."

"नको."

"का नको?"

"आणि ओळखता आली नाही तर?"

मी पुन्हा स्टुलावर बसले. ती म्हणाली, "सोमवारी माझ्याबरोबर ये. ते विसराळूपणाचे डॉक्टर असतात ना, त्यांच्याकडे. मनस्विनीला सांगू नको." मी तिच्यासमोरच क्लिनिकला फोन केला, सोमवार सकाळची वेळ घेतली. मला डोळ्यांत पाणी आणायची सवय नाही. घरी जाऊन मी उगाचच सगळी भांडी पुन्हा घासली.

शनिवारी मनस्विनी सुट्टी म्हणून दुपारी हजर. तिला कालच्या सरावाचं जयतीर्थाकडून कळलं होतं, पण कारण काय वाटतंय ते नाही. म्हणाली, "सवय होईल आत्या, नवीन दिसतंय ना सगळं." आत्या मान हलवत होती, त्या पट्टीतल्या आवाजात हो म्हणत होती, आणि मला ते बघवेना. मी चिडले. मी चिडले की मला कामं सुचतात.

"जुना एखादा डाव साठवलेला आहे का तुझ्याकडे? जिंकलेला?"

होते, ढिगानं होते. तिनं आपल्या लॅपटॉपवर जुन्या कार्डाचा डाव लावला आणि मोठ्या पडद्यावर कालचा. तेच घर, तीच माजघराची खोली. मी दोन्हींच्या मधे स्टूल ठेवून बसले. जुन्या डावात पद्मक्का एका कळशीसमोर थांबली आणि टिचकी मारली.

"थांबव! तिथंच थांबव."

"काय झालं काकू?"

"खिडकी कुठं आहे या खोलीत? उजवीकडे. मग सगळ्या सावल्या डावीकडे पडायला हव्यात. टेबलाची पडली आहे. पाटाची पडली आहे. या कळशीची कुठं आहे?"

कळशीखाली एक गोल काळा डाग होता. बुडाला काजळ लावल्यासारखा. सावली नव्हतीच ती, सावलीच्या नावानं लावलेली तीट होती!

मनस्विनी ताडकन उभी राहिली. कॉफीचा कप गेला. "काकू! काकू, अहो, भाजलेला प्रकाश!" मला काही कळेना. तिनं भराभरा सांगितलं ते असं: जुन्या पद्धतीत घरातला प्रकाश खेळ बनवणारेच आधी एकदा मोजून जमिनीवर, भिंतीवर रंगवून ठेवतात, त्यालाच प्रकाश भाजणं म्हणतात. टेबल हलणार नाही, म्हणून त्याची सावली कायमची रंगवलेली, अगदी बरोबर. पण लपणारा खेळाडू कुठंही जाऊन बसणार. त्याची सावली आधी कशी रंगवणार? म्हणून त्याच्या बुडाशी नुसता एक डाग. नवं कार्ड सगळ्यांचा प्रकाश जागच्या जागी मोजतं. कळशी खरी असो नाहीतर हुबळीचं पोरगं असो, सावली सारखीच.

"हलकी वाटते," पद्मक्का हळूच म्हणाली. "बसल्यासारखी बसलेली नाही."

"कशी बसेल? तिला सावलीच नव्हती!"

मी कुणाला दम घेऊ दिला नाही. प्रयोग तो प्रयोग. खेळाच्या सेटिंगमधे तो नवा प्रकाश बंद करता येत होता, मग कार्ड कुठलंही असो. जयतीर्थाला फोन केला; तो कुठल्याशा साखरपुड्याला होता, "पाच मिनिटांत अंतरपाट आहे" म्हणाला. "साखरपुड्याला अंतरपाट नसतो, खोटं बोलू नकोस, लप," मी म्हटलं. प्रकाश बंद: पद्मक्कानं शिरल्या शिरल्या त्याला आणि मनस्विनीला, दोघांनाही उचललं. प्रकाश चालू: एकही नाही. पुन्हा बंद: दोघे. पुन्हा चालू: शून्य. मनस्विनी खोलीत नाचत होती, अक्षरशः, तिशीतली बाई. "आत्या, तुला जाणवलं! दोन वर्षं आम्ही विचारतोय, कुणाला जाणवतं का! तुझा सगळा खेळ गेला गं यानं! ऑफिसात सांगते आता!"

"माझा खेळ गेला याचा तुला आनंद?" पद्मक्का म्हणाली, पण तीही हसत होती, श्वास लागेपर्यंत, पदर तोंडाला लावून. ती का हसत होती ते मला माहीत होतं. मनस्विनीला नव्हतं.

आणि मग मधेच ती थांबली.

"म्हणजे नजर नव्हतीच म्हण की. चुकलेल्या सावलीवर जिंकत होते मी."

"ते उद्या संध्याकाळी ठरव," मी म्हटलं. "उद्या प्रकाश बंद करून खेळ आणि कप घेऊन ये. नियमात बसतं ना गं?"

"बसतं," मनस्विनी म्हणाली. "कुणी कुठलंही सेटिंग ठेवू शकतं."

"नाही," पद्मक्का म्हणाली. "चालू ठेवून खेळणार."

"वेड लागलंय का?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "तेच बघायचंय की गे."

रविवारचा डाव. मी स्टुलावर. मनस्विनी मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन, जयतीर्थ बनशंकरीहून. घर होतं मंगळुराकडचं, कौलारू, संध्याकाळचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आडवं आलेलं. आधी आमची टोळी लपली. पद्मक्का उखळ झाली, मनस्विनी सूप. जयतीर्थ देवघरात कलश झाला. तो नेहमी कलशच होतो. धंद्याची सवय, नारळ ठेवायला कलश दिसला की त्याला राहवत नाही. हुबळीच्या पोरांनी त्याचे जुने डाव पाहून ठेवले असणार, कारण त्यांचा शोधणारा सरळ देवघरात गेला. मागोमाग सूप गेलं, आणि अगदी शेवटच्या घटकेला उखळही. तिघंही बाद.

"आचार्य, एकदा तरी चप्पल व्हा हो!" मी ओरडले. माइक चालू होता.

मग तिची पाळी. त्या पोरांचा म्होरक्या यशोवर्धन नावाचा, गोड आवाजाचा, आगाऊ. "आजी, चष्मा घेतलाय ना?"

"घेतलाय बाळा. होल्ड कर, जोडते तुला," पद्मक्का म्हणाली.

पहिला अर्धा वेळ काहीच नाही. ती सवयीनं वस्तूंच्या बुडाशी बघत होती. शनिवारी सांगितलेलं कळलं होतं, पण डोळ्यांना कळलं नव्हतं. एक चुकीची टिचकी, वेळ कापला. मला वाटलं, बंद कर म्हणावं, जाऊ दे तो डाव. मग तिनं माऊसवरून हात उचलला, मांडीवर पुसला, पुन्हा ठेवला. आणि वस्तूंकडे बघायचं सोडून ती घराकडे बघायला लागली. हे कसं सांगू? ती त्या घरातून सून चालावी तशी चालायला लागली. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर. न्हाणीच्या दाराशी थांबली.

"लोणच्याची बरणी," ती म्हणाली. "न्हाणीपाशी? ओलीत? कुठली बाई ठेवील?"

टिचकी. पोरगं बाहेर! मी स्टुलावरून उठले ते बसलेच नाही. ती देवघरात गेली. समया, घंटा, निरांजन. निरांजनाच्या वातीचं तोंड भिंतीकडे होतं. तिनं खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं, बोटानं हवेत दिशा मोजली. "ऊन इकडून, म्हणजे ही पश्चिम. मग ती दक्षिण. दक्षिणेला तोंड करून निरांजन? यमाला ओवाळतोस काय रे?" टिचकी. दुसरा बाहेर. फोनवरून जयतीर्थ "धन्य, धन्य" म्हणत होता. पलीकडे हुबळीत कुणीतरी शिव्या हासडल्या, मग माफी मागितली.

राहिला यशोवर्धन. ती घरभर धावली. दर वेळी ओसरीवरून जाताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, किती वेळ राहिला म्हणून, आणि म्हणायची, "आहे, आहे, अजून आहे." वेळ संपला. घड्याळ भिंतीवरून उतरलं आणि "थँक यू आजी" म्हणालं.

तीन विरुद्ध दोन. हरलो. मनस्विनी धावत आली, मी त्या घड्याळाला माझ्या तोंडात आलं ते म्हणत होते, आणि पद्मक्का खुर्चीतून उभी राहिली, गुडघा वगैरे विसरून, आणि माझे दोन्ही खांदे धरून हलवायला लागली. "हरले की गे! प्रेमा, हरले! दोन पकडले, सावली बरोबर असून दोन पकडले!" इतक्या आनंदानं हरलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. मनस्विनीला वाटलं, आत्याला कप न मिळाल्याचा धक्का बसला.

तर आता कुणी मला विचारलं की नव्या शेडरांनी साध्या खेळणाऱ्याला फरक पडतो का, तर मी शुक्रवारचं माझं उत्तर मागे घेते, अर्धं. तांब्याच्या चकाकीचं मला अजूनही काही पडलेलं नाही. पण प्रकाश खरा झाला की चोरटी वाट बंद होते, आणि माणसाला खरं बघावं लागतं; आणि ते त्याला येतं की नाही, हे त्या दिवशी कळतं. जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही. मनस्विनीनं ऑफिसात आत्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, एका बाईवरून काय ठरतं? ती भांडते आहे. भांडू दे.

पद्मक्का, वाचकांचं झालं. मनस्विनीलाही आता इथंच कळेल, चिडलीस तरी चालेल. आता तू ऐक.

सोमवारी सकाळी मी पर्स घेऊन तुझ्या दारात उभी होते. खाली रिक्षा थांबवलेली. तू हेडफोन लावून बसली होतीस, हुबळीच्या त्याच पोरांबरोबर, त्यांनी तुला सरावाला बोलावलं म्हणून. मला बघून तू बोट वर केलंस, "स्वल्प थांब गे, एवढा एक डाव." मी म्हटलं, वेळ घेतलेली आहे. तू म्हणालीस, "सरी, सरी." रिक्षावाला भोंगा वाजवायला लागला. मी गॅलरीत गेले, त्याला हातानं जा म्हटलं, आत येऊन स्टूल ओढलं आणि तुला सांगितलं की फडताळातला तो तवा मला बरोबर वाटत नाही.

क्लिनिकचा नंबर माझ्या फोनमधे आहे. तू विचारलं नाहीस, मी विषय काढला नाही. दर सोमवारी मी पर्स घेऊनच येते, आणि तू म्हणतेस, हा डाव झाला की जाऊ.